घरचा लॅपटॉप : निवड करताना काय पाहावे?

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



अशा मेळाव्यात शिक्षकाने शिक्षणाचे महत्त्व या विषयावर बोलावे, अशी एक रीत आहे. ते महत्त्व आपणां सर्वांस पटलेले आहे, म्हणूनच आपण येथे जमलो आहोत. मी आज बाजारहाटाच्या एका विषयावर बोलणार आहे. दरवर्षी दहावी-बारावीचे निकाल लागले की भुईगावात रस्त्याने जाताना, एस.टी.ची वाट पाहताना, दुकानात, कोणी ना कोणी मला थांबवून विचारतो, "सर, मुलासाठी लॅपटॉप घ्यायचा आहे, कोणता घेऊ?" आणि मागे उभा असलेला मुलगा हळूच सांगतो, "सर, थोडे गेमसुद्धा चालले पाहिजेत." या दोघांनाही रस्त्यावर उभ्या-उभ्या नीट उत्तर देता येत नाही. ते आज द्यावे असे ठरविले आहे. बोलताना जे घाईत राहिले, ते स्मरणिकेसाठी लिहून काढताना भरून काढले आहे, म्हणजे वाचकांना हीच पाने दुकानात सोबत नेता येतील.

मी बी.ए., बी.एड. झालेला माणूस आहे, अभियंता नव्हे. तरीही या विषयावर बोलण्याचा अधिकार मला एका चुकीने दिला आहे. ती चूक आधी सांगतो.

मार्च २०२० मध्ये शाळा-कॉलेजे बंद झाली. माझी धाकटी बहीण तेव्हा पदवीच्या शेवटच्या वर्षाला होती. घरात एकच मोबाइल, त्यावर माझे वर्ग आणि तिचेही वर्ग. अब्बांनी छपराची कौले बदलण्यासाठी बाजूला ठेवलेले पैसे काढून माझ्या हातात दिले आणि म्हणाले, "कौले पुढल्या साली बघू." मी स्वस्तातला एक नवाकोरा, दिसायला सुंदर, वजनाला हलका लॅपटॉप घेऊन आलो. दुकानदाराला मी दोनच प्रश्न विचारले होते : किंमत किती आणि रंग कोणता. त्या यंत्रात ४ जीबी रॅम होती आणि साठवणीची जागा अवघी ३२ जीबी. तीन महिन्यांत विंडोजनेच ती सारी जागा व्यापली. नवी सुधारणा उतरवावयाची तर जागा नाही, आणि उतरविली नाही तर यंत्र रोज तीच तक्रार करणार. ऑनलाइन परीक्षेच्या दिवशी प्रश्नपत्रिका उघडली आणि पडदा गोठला. भर पावसात बहीण धावत शेजाऱ्यांच्या घरी गेली आणि त्यांच्या लॅपटॉपवर तिने उरलेला पेपर दिला. ती पास झाली, पण घरी परत आली तेव्हा तिचा चेहरा मी पाहिला होता.

अब्बा रागावले नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, "यात काही वाढवून, दुरुस्त करून चालेल का?" मी ते यंत्र कारागिराकडे नेले. त्याने मागची बाजू उघडून दाखविली. रॅम आणि साठवण, दोन्ही मुख्य पट्टीवर कायमची डाख लावून बसविलेली होती. काढता येत नव्हती, वाढविता येत नव्हती. अब्बांचा प्रश्न मी यंत्र घेण्यापूर्वी विचारावयास हवा होता. आजच्या माझ्या भाषणाचा सारा मुद्दा त्या प्रश्नात आहे. विश्वासाचा लॅपटॉप म्हणजे सर्वांत वेगवान लॅपटॉप नव्हे. जो पाच वर्षे काम देईल, गरज वाढली तर वाढविता येईल आणि बिघडला तर आपल्या गावात राहून दुरुस्त करून घेता येईल, तो विश्वासाचा लॅपटॉप.

आधी कागद, मग दुकान

दुकानात जाण्यापूर्वी एक कोरा कागद घ्या आणि सारे घर एकत्र बसून त्यावर चार गोष्टी लिहा. यंत्र कोण कोण वापरणार? कशासाठी वापरणार? ते रोज पिशवीतून बाहेर न्यावयाचे आहे की टेबलावरच राहणार? आणि मुलाला खेळावयाचे आहेत ते खेळ नेमके कोणते?

आपल्यासारख्या घरात हा लॅपटॉप एकट्या मुलाचा कधीच नसतो. त्यावर मुलाचा प्रकल्प होतो, मुलीचा सीईटीचा अर्ज भरला जातो, शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटीचे संकेतस्थळ उघडते, आईचा शिवणकामाचा हिशेब राहतो, आणि घरात शिक्षक असेल तर शाळेची माहितीही त्यावरच भरली जाते. या कामांना फार मोठी शक्ती लागत नाही. लागते ती ऐन वेळी दगा न देण्याची सवय.

खेळांची नावे मुलांनी स्पष्ट लिहावीत. नुसते 'गेम' म्हणू नये. माइनक्राफ्ट, व्हॅलोरंट किंवा २०१५ साली संगणकावर आलेला जीटीए फाइव्ह, हे हलक्या यंत्रावर चित्रांची प्रत थोडी कमी ठेवून खेळता येतात. अलीकडचे मोठे, भव्य चित्रांचे खेळ निराळे. त्यांना स्वतंत्र ग्राफिक कार्ड लागते, आणि एकेका खेळाला शंभर जीबीच्या आसपास जागा लागते. या दोन वर्गांत किमतीचा फार मोठा फरक आहे. तेव्हा नाव लिहिल्याशिवाय चर्चा पुढे नेऊ नका.

नावाला भुलू नका, आकडा वाचा

साधारण ४५ ते ७० हजार रुपयांच्या यंत्राला मी मध्यम किमतीचे म्हणतो. या टप्प्यात सर्वांत जास्त फसगत होते ती प्रोसेसरच्या नावाने. "आय-फाइव्ह आहे, घ्या डोळे मिटून," असे दुकानात सांगितले जाते. आय-थ्री, आय-फाइव्ह, रायझन-फाइव्ह ही घराण्याची नावे झाली. माणसाचे आडनाव कळले म्हणून त्याचे वय कळत नाही. इंटेलचा २०२२ सालचा आय-थ्री १२१५-यू हा २०१७ सालच्या आय-फाइव्ह ८२५०-यू पेक्षा वेगवान आहे. म्हणजे नवा धाकटा जुन्या थोरल्याला मागे टाकतो.

एएमडी कंपनीच्या रायझन ७००० या मालिकेत तर आकड्याच्या पोटातच खरी गोष्ट लपलेली आहे. तेथे चार आकड्यांपैकी तिसरा आकडा आतल्या रचनेची पिढी सांगतो. ७५२०-यू मध्ये तिसरा आकडा दोन, म्हणजे रचना २०१९ सालची. ७५३०-यू मध्ये तीन, म्हणजे २०२० सालची. ७५४०-यू मध्ये चार, म्हणजे त्याहून नवी. नाव तिघांचेही रायझन-फाइव्ह! फळीवर शेजारी-शेजारी ठेवले तर ग्राहकाला ते सारखेच वाटतात.

यावर उपाय सोपा आहे. प्रोसेसरचे पूर्ण नाव, आकडा आणि शेवटचे अक्षर यांसह कागदावर उतरवून घ्या आणि घरी येऊन कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर तो कोणत्या साली आला ते पाहा. शेवटचे 'यू' हे अक्षर कमी वीज खाणारा प्रोसेसर दाखविते, 'एच' हे अक्षर जास्त ताकदीचा आणि जास्त तापणारा दाखविते. रोजच्या कामाला आणि हलक्या खेळाला चांगला 'यू' पुरतो. टेबलावर राहणाऱ्या आणि अधिक खेळ पाहणाऱ्या यंत्रासाठी 'एच' घ्यावा.

रॅम आणि साठवण

आपल्या देशात बनलेला टिफ्रॅक नावाचा संगणक १९६० साली मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सुरू झाला. त्याची स्मृती आजच्या हिशेबाने सुमारे दहा हजार अक्षरांची होती. आजच्या १६ जीबी रॅमची स्मृती तिच्या सोळा लाख पटींच्या घरात जाते. तरी आजचे यंत्र रखडते, याचे कारण आजची कामेही तितकीच फुगली आहेत. म्हणून आकडा केवढा मोठा आहे याने दिपून न जाता तो आजच्या कामाला पुरतो का, एवढेच पाहावे.

विंडोज ११ चालण्यासाठी कंपनीने किमान ४ जीबी रॅम सांगितली आहे. 'चालणे' आणि 'काम देणे' यांत किती अंतर आहे ते माझ्या बहिणीला विचारा. नुसत्या लिहिण्या-वाचण्याच्या कामाला ८ जीबी, आणि खेळ हवे असतील किंवा यंत्र पाच वर्षे वापरावयाचे असेल तर १६ जीबी, असे साधे गणित ठेवा. ज्या यंत्रात स्वतंत्र ग्राफिक कार्ड नसते, तेथे चित्रे काढण्यासाठी लागणारी स्मृतीसुद्धा याच रॅममधून घेतली जाते. घरातल्या एकाच पाण्याच्या टाकीवर न्हाणीघर आणि स्वयंपाकघर दोन्ही चालावे, तसा हा प्रकार आहे.

आणखी एक बारीक पण मोलाची गोष्ट सांगतो. रॅमची पट्टी एक असण्यापेक्षा दोन असणे चांगले. दोन वाटांनी माहिती जाते-येते आणि खेळ लक्षात येण्याइतका सुधारतो. इंटेलच्या काही प्रोसेसरांत तर एकच पट्टी असेल तर आतल्या चित्रयंत्रणेला 'आयरिस एक्सई' हे नावसुद्धा मिळत नाही, ती साधी 'यूएचडी' म्हणून दिसते. तेव्हा दुकानदाराला विचारा : रॅम डाख लावलेली आहे की खोबणीत बसविलेली? रिकामी खोबण आहे का? जास्तीत जास्त किती रॅम बसते? रिकामी खोबण असेल तर आज ८ जीबी घेऊन पुढे आणखी ८ जीबी घालता येते. मात्र २०२५ च्या अखेरीपासून रॅमच्या किमती जगभर चढल्या, त्याचा अनुभव लक्षात घेऊन 'पुढे घालू' याचा खर्चही आजच विचारून ठेवावा. खोबणच नसेल तर पहिल्याच दिवशी १६ जीबीचे यंत्र घ्यावे. दुसरा मार्ग नाही.

साठवणीसाठी एसएसडी हवी, आणि ती ५१२ जीबीची असावी. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कचे यंत्र कितीही स्वस्त मिळाले तरी त्यावर मुख्य काम ठेवू नये. 'ईएमएमसी' असे लिहिलेले दिसले तर दूर राहा. माझी ३२ जीबी तीच होती.

स्वतंत्र ग्राफिक कार्ड घ्यावे का?

विद्यार्थी मित्रांनो, येथे तुमचे कान टवकारले जातील. माझे उत्तर सावध आहे. कागदावर लिहिलेले खेळ हलके असतील तर घेऊ नका. एएमडीची रेडिऑन ६८०-एम, ७८०-एम किंवा इंटेलच्या नव्या प्रोसेसरांतली आर्क ही आतलीच चित्रयंत्रणा या खेळांना पुरेशी आहे. स्वतंत्र कार्ड घेतले की यंत्र बहुधा दोन किलोंच्या वर जाते, चार्जर विटेसारखा जड होतो, पंखा आवाज करतो आणि बॅटरी लवकर संपते. त्याच पैशांत जास्त रॅम, चांगला पडदा आणि वाढीव हमी येते.

ज्याला खरोखरच मोठे खेळ खेळावयाचे आहेत, किंवा ज्याच्या अभ्यासक्रमात चित्रफीत-संपादन, त्रिमिती रेखाटन असे विषय आहेत, त्याने आरटीएक्स ३०५० सारखे कार्ड पाहावे. तेथेही नावावर थांबू नये. एकाच नावाचे कार्ड एका यंत्रात कमी विजेवर आणि दुसऱ्या यंत्रात जवळजवळ दुप्पट विजेवर चालविलेले असते, आणि कामातही तसाच फरक पडतो. स्मृती ४ जीबी की ६ जीबी, आणि वॅट किती, हे दोन आकडे विचारा. दुकानदाराला सांगता आले नाहीत तर कंपनीच्या माहितीपत्रकात पाहा.

पालकांनाही एक गोष्ट सांगावयाची आहे. खेळ म्हटले की आपण कपाळाला आठ्या घालतो. पण ज्या यंत्रावर हलका खेळ तासभर न रखडता, न तापता चालतो, त्यावर आपले सारे दैनंदिन काम पाच वर्षे सुखाने चालते. पुरेशी रॅम, नवा प्रोसेसर, नीट वारा घेणारा पंखा, खेळालाही हेच लागते आणि टिकाऊपणालाही हेच लागते. त्यामुळे मुलाची मागणी ही चैनच आहे असे समजू नका. यंत्राची ती एक चांगली परीक्षा आहे. भीती बाळगावयाची ती पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांची. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्यातही हाच भेद केलेला आहे. पैशांच्या खेळांना मनाई केली आहे आणि ई-स्पोर्ट्सना वेगळे स्थान दिले आहे. विंडोजमध्ये मुलांसाठी वेगळे खाते उघडून वेळेची मर्यादा घालता येते. पण ती मुलाला सांगून घालावी, चोरून घालू नये.

आपली हवा, आपली वीज

मासिकांतील परीक्षणे थंड, कोरड्या खोलीत केलेली असतात. आपण समुद्राच्या काठी राहतो. खारी, दमट हवा, चार महिन्यांचा पाऊस आणि अधूनमधून जाणारी वीज यांचा विचार आपणच करावयास हवा. जुलै २०१८ मध्ये वसई-विरारमध्ये पाणी भरले, गाड्या थांबल्या, अनेक वस्त्यांत वीज नव्हती, हे आपणांपैकी कोणी विसरले नसेल. अशा वेळी बॅटरी हाच आधार.

बॅटरी किती तास चालेल याबद्दल जाहिरातीवर विसंबू नका, स्वतः भागाकार करा. बॅटरीची क्षमता वॅट-तासांत लिहिलेली असते. ५० वॅट-तासांची बॅटरी असेल आणि साध्या कामाला यंत्र १० वॅट घेत असेल तर पाच तास मिळतात. त्याच यंत्रावर खेळ लावला आणि ते ४५ वॅट घेऊ लागले तर जेमतेम तासभर. हा हिशेब माहीत असलेला मुलगा अर्ज भरावयाच्या दिवशी बॅटरी खेळात घालविणार नाही.

चार्जर तीन पिनांचा असेल तर घरातील अर्थिंग तपासून घ्या. धातूच्या यंत्राला हात लावताच मुंग्या येतात, त्याचे कारण बहुधा अर्थिंग नसणे हेच असते. गादीवर, उशीवर ठेवून लॅपटॉप वापरू नका. खालची हवा कोंडते, प्रोसेसर शंभर अंश सेल्सिअसच्या जवळ जातो आणि स्वतःला वाचविण्यासाठी वेग कमी करतो. मग आपण म्हणतो, यंत्र मंद झाले. पावसाळ्यात वापर नसला तरी एक-दोन दिवसांनी ते थोडा वेळ चालू करावे. आतल्या उबेने ओल सुटते. आणि महत्त्वाची कागदपत्रे यंत्राबाहेर आणखी एका ठिकाणी ठेवावीत. गूगलच्या मोफत खात्यात १५ जीबी जागा मिळते, प्रमाणपत्रांना ती भरपूर झाली.

हवा आणि विजेप्रमाणेच दुरुस्तीची सोयही गावावर अवलंबून असते. विकत घेण्यापूर्वी कंपनीच्या संकेतस्थळावर आपला पिनकोड घालून पाहा. दुरुस्तीसाठी माणूस घरी येतो की यंत्र घेऊन आपण जावयाचे? जवळचे सेवाकेंद्र कोठे आहे? ज्या कंपनीचे केंद्र वसई, विरार, बोरिवली या पट्ट्यात असेल तिचे थोडे महाग यंत्र हे दूरच्या केंद्राच्या स्वस्त यंत्रापेक्षा शेवटी स्वस्त पडते. एक फेरी म्हणजे एक दिवसाची मजुरी, हे आपल्या पालकांना सांगावयास नको.

दुकानात आणि बिलावर

ग्रँट रोडच्या लॅमिंग्टन रोडवर जा, वसई स्टेशनाजवळच्या दुकानात जा, अथवा घरबसल्या मागवा. प्रत्येकात फायदा-तोटा आहे. लॅमिंग्टन रोडला निवड मोठी आणि भाव करता येतो. जवळच्या दुकानदाराला उद्या तोंड दाखवावयाचे असते. घरबसल्या मागविल्यास खोके उघडताना सुरुवातीपासून मोबाइलवर चित्रफीत घ्या.

दुकानात दहा मिनिटे यंत्र हातात घ्या. पडदा बाजूने आणि वरून पाहा. रंग उलटे-पांढुरके दिसू लागले तर तो पडदा डोळ्यांना त्रास देईल. 'आयपीएस' पडदा असावा आणि १९२० बाय १०८० बिंदूंचा असावा. झाकण उघडून बिजागरी कुरकुरते का, कळफलक मधोमध दबतो का, ते पाहा. मराठी टंकलेखनासाठी वेगळे विकत घेण्याची गरज नाही. विंडोजमध्ये मराठीचा इनस्क्रिप्ट कळफलक आधीच असतो. टास्क मॅनेजर उघडून रॅमच्या किती खोबणी भरल्या आहेत ते तेथेच दिसते. विंडोज मूळ परवान्यासह आहे ना, हे विचारा. 'डॉस'चे यंत्र स्वस्त दिसते, आणि मग त्यात चोरीची विंडोज भरली जाते. तिच्यासोबत काय काय घरात येते ते सांगता येत नाही. लिहिण्या-हिशेबाच्या कामासाठी लिब्रेऑफिस ही मोफत आणि कायदेशीर सोय आहे.

पक्के बिल घ्या, त्यावर यंत्राचा क्रमांक लिहून घ्या. लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी आहे. म्हणजे ५९ हजारांच्या बिलात ९ हजार कर असतो. 'बिनबिलाचे घ्या, कमी करतो' या मोहाला बळी पडू नका. बिल गेले की हमीही गेली आणि तक्रारीचा हक्कही गेला. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यातील आयोगाकडे तक्रार करता येते, आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या वस्तूसाठी शुल्क नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांकावर फोन करता येतो.

आता हप्त्यांविषयी. 'बिनव्याजी हप्ता' ही पाटी वाचून पुष्कळ पालक निर्धास्त होतात, विशेषतः ज्यांना व्याजाचा व्यवहार नको आहे ते. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना कळविले होते की शून्य टक्के व्याज अशी गोष्ट अस्तित्वातच नाही. बहुतेक योजनांत बँक व्याज लावते आणि तेवढीच रक्कम किमतीतून सूट म्हणून दाखविली जाते. व्याजावरचा जीएसटी आणि प्रक्रिया शुल्क आपल्या खिशातून जाते. रोखीने घेणाऱ्याला मिळणारी सूट गेली ती वेगळीच. म्हणून एकच प्रश्न विचारा : रोख दिले तर किंमत किती? या दोन आकड्यांतला फरक हीच हप्त्याची खरी किंमत. शक्य असेल तर सहा महिने थांबून, साठवून घ्या.

बजेट कमी असेल तर जुने यंत्र घेण्यात कमीपणा नाही. कार्यालयांतून निघालेले लेनोव्होचे थिंकपॅड, डेलचे लॅटिट्यूड, एचपीचे एलिटबुक हे मजबूत असतात, आणि त्यांतील बहुतेकांची रॅम वाढविता येते. मात्र दोन अटी. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नेहमीची सेवा बंद झाली, म्हणून विंडोज ११ ला चालणारे यंत्र, म्हणजे सर्वसाधारणपणे इंटेलचे आठव्या पिढीपासून पुढचे, घ्यावे. दुसरे, विंडोजमधूनच बॅटरीचा अहवाल काढून तिची मूळ क्षमता आणि आजची क्षमता ताडून पाहावी. अर्धी उरली असेल तर नव्या बॅटरीची किंमत भावातून वजा करून घ्यावी.

शेवटचे दोन शब्द

हे सारे लक्षात राहणे कठीण वाटत असेल तर एवढेच ध्यानी ठेवा. खेळांची आणि कामांची नावे कागदावर. प्रोसेसरचा पूर्ण आकडा आणि त्याचे साल. १६ जीबी रॅम, अथवा ८ जीबी आणि एक रिकामी खोबण. ५१२ जीबीची एसएसडी. आयपीएस पडदा. जवळचे सेवाकेंद्र. पक्के बिल. या सात गोष्टी जमल्या तर कंपनी कोणती आणि रंग कोणता, हे मुलाला ठरवू द्या. तेवढा त्याचा हक्क आहे.

आमच्या घरी पुढे काय झाले, असे काहींनी मघाशी विचारले. ते पहिले यंत्र मी विकले नाही. दुसऱ्या कोणाला फसविण्यात अर्थ नव्हता. दोन वर्षांनी बहिणीला नोकरी लागली. तिने स्वतःच्या पगारातून, स्वतः कागद लिहून, रिकामी खोबण असलेले यंत्र घेतले आणि वर्षभराने तीत दुसरी पट्टी बसविली. त्यावर ती दिवसा काम करते, आणि रात्री आमचे पुतणे तिच्याभोवती गोळा होऊन माइनक्राफ्टमध्ये घरे बांधतात. अब्बांच्या छपराची कौलेही त्याच साली बदलली. ते पैसेही तिनेच दिले.

आपल्या घरात लॅपटॉप येतो तो कोणाच्या तरी कौलांच्या, कोणाच्या तरी बांगडीच्या पैशांतून येतो. तो घेताना दोन प्रश्न विचारून भागत नाही, दहा विचारावे लागतात. ते विचारताना दुकानदार कंटाळला तर दुसऱ्या दुकानात जावे. आणि कोणाला शंका राहिली तर मी रोज संध्याकाळी भुईगावातच असतो, संकोच न करता कागद घेऊन यावे.